टीएसएच एका लॅबमध्ये जास्त, दुसरीत नॉर्मल : बायकांची खरी रेंज कोणती?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी ३६ वर्षांची, नाशिकला असते. गेले चार-पाच महिने अंग जड झाल्यासारखं वाटतंय, केस मुठीने गळतायत, पाळीच्या तारखा पुढेमागे होतायत. म्हणून थायरॉईड तपासून घेतला. टीएसएच आला ४.८६. समोर रेंज ०.२७ ते ४.२०, त्यामुळे आकडा ठळक अक्षरात आणि शेजारी वर जाणारा बाण. संध्याकाळपर्यंत 'हिला थायरॉईड निघाला' हे माहेरी-सासरी सगळ्यांना कळलं. सासूबाईंनी त्याच दिवसापासून कोबी-फ्लॉवर बंद केला.

बारा दिवसांनी ऑफिसच्या आरोग्य तपासणीत पुन्हा रक्त दिलं, लॅब वेगळी. टीएसएच ४.३१, रेंज ०.३५ ते ४.९४. ठळक अक्षर नाही, बाण नाही. फ्री टी-फोर (थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन, थायरॉक्सिन) दोन्ही ठिकाणी रेंजमध्ये आहे.

मग मला थायरॉईड आहे की नाही? आणि बायकांसाठी वेगळी रेंज असते का? नेटवर कुणी म्हणतं २.५ च्या वर गेला की आजार, कुणी म्हणतं १० पर्यंत चिंता नको. दोन रात्री हेच वाचतेय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपा करून नीट समजावून सांगा.

पारिजातक
अगदी माझा प्रश्न विचारलास गं. माझ्याकडे तीन वर्षांचे सहा रिपोर्ट आहेत आणि चार वेगवेगळ्या रेंज. वाचतेय.

काचनळी
रानजाई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते, त्यातली बरीचशी हार्मोनच्या यंत्रावर. रेंज कुठून येते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

थायरॉईडचा काही त्रास नसलेल्या, गोळ्या न घेणाऱ्या बऱ्याच लोकांचं रक्त तपासतात आणि आकडे चढत्या क्रमाने लावतात. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के उरतात, ती रेंज. म्हणजे शंभर धडधाकट माणसं घेतली तर पाचेक जणांच्या रिपोर्टवर ठळक आकडा यायचाच, त्यांना काहीही झालेलं नसताना. तो ठळक ठसा संगणक उमटवतो. तुम्ही कोण, वय काय, पोटात बाळ आहे का, यातलं त्याला काहीच माहीत नसतं.

दुसरं म्हणजे रेंज यंत्रागणिक बदलते. प्रत्येक कंपनीच्या रसायनातल्या अँटिबॉडीज वेगळ्या असतात, त्या टीएसएचच्या रेणूला वेगळ्या जागी पकडतात. एकाच नळीतलं रक्त दोन यंत्रांवर लावलं तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि फ्री टी-फोरमध्ये तर फरक आणखी मोठा दिसतो. म्हणून ४.८६ हा ४.२० च्याच शेजारी वाचायचा आणि ४.३१ हा ४.९४ च्याच. एका लॅबचा आकडा दुसरीच्या रेंजला लावलात तर चुकीचीच गोष्ट कळेल.

बायका आणि पुरुष यांच्यासाठी टीएसएचची वेगळी रेंज बहुतेक लॅब छापत नाहीत, कारण गरोदर नसलेल्या बाईत आणि पुरुषात फरक फार थोडा. पण बाईच्या आयुष्यातच आकडा हलवणारे टप्पे जास्त आहेत: गरोदरपण, बाळंतपणानंतरचं वर्ष, पाळीसाठी किंवा पाळणा लांबवण्यासाठी घेतलेल्या गोळ्या. या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तातलं थायरॉक्सिन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं. मग टोटल टी-थ्री, टोटल टी-फोर रेंजच्या वर दिसतात आणि बाई घाबरते. प्रत्यक्षात मोकळं थायरॉक्सिन, जे शरीराला वापरता येतं, ते जागेवरच असतं. स्वस्त पॅकेजमध्ये बहुधा टोटलच असतात, फ्री नसतात. रिपोर्ट हातात घेतलात की आधी तो शब्द पाहा.

एक विचारते, दोन्ही वेळा रक्त किती वाजता दिलं होतंत?

रानजाई
पहिलं सकाळी साडेसातला, उपाशीपोटी. ऑफिसमधलं दुपारी पाऊण वाजता, डबा खायच्या आधी.

काचनळी
मग तुमच्या दोन आकड्यांतला बराचसा फरक तिथेच असू शकतो. टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री चढतो, पहाटे वर असतो, दुपारी उतरतो. ज्यांचा आकडा काठावर आहे त्यांच्यात एवढ्यानेही बाण येतो किंवा जातो. उपाशीपोटी असायलाच हवं असं काही नाही, पण दर वेळी साधारण त्याच वेळेला, त्याच लॅबमध्ये द्या. थायरॉईडची गोळी चालू असेल तर रक्त आधी द्या, गोळी नंतर घ्या. गोळीनंतरचे काही तास फ्री टी-फोर चढलेला दिसतो.

निर्गुडी
मी फिजिशियन आहे. इथे बसून निदान करता येणार नाही, करणारही नाही, पण रानजाई यांच्या प्रश्नामागचा विचार सांगतो.

टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा निरोप आहे. थायरॉक्सिन कमी पडू लागलं की पिट्युटरी थायरॉईडला आवाज चढवून सांगते, 'अजून बनव'. आणि हा आवाज फार पटकन चढतो: फ्री टी-फोर निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, सुमारे शंभरपट होऊ शकतो. म्हणून १५० टीएसएच असलेली बाई चालत दवाखान्यात येते. म्हणूनच ४.२ वरून ४.८ झाला यात घाबरण्यासारखं जवळजवळ काही नसतं. त्या दोन आकड्यांत थायरॉक्सिनचा फरक नगण्य आहे.

टीएसएच रेंजच्या वर, पण फ्री टी-फोर रेंजमध्ये, याला सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईड किंचित मंदावणं, म्हणतात. पण तेसुद्धा एका रिपोर्टवर म्हणायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. बऱ्याच जणींचा आकडा गोळी न घेता खाली येतो. सोबत अँटी-टीपीओ, म्हणजे आपल्याच थायरॉईडविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी, एकदा पाहावी. ती असेल तर थायरॉईड पुढे मंदावण्याची शक्यता जास्त, त्यामुळे वर्षातून एकदा टीएसएच पाहत राहायचं. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला की बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. ४ ते १० च्या मधला पट्टा मात्र तारतम्याचा आहे. तिथे वय, त्रास, अँटिबॉडी, मूल हवंय का, हे सगळं विचारावं लागतं.

आपल्याकडे हा आजार कमी नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, जवळजवळ ११ टक्के प्रौढांत हायपोथायरॉईडिझम आढळला, आणि बायकांत पुरुषांपेक्षा बराच जास्त. त्यामुळे तपासणी योग्यच. पण गळणारे केस आणि जड अंग याला थायरॉईडच कारण असतं असं नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-ट्वेल्व्ह पाहिलंत का? शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खाण्याने काही बिघडत नाही, आयोडीनयुक्त मीठ घरात आहे ना, मग सासूबाईंना सांगा, भाजी करू द्या.

रानजाई
फेरिटिन कधीच केलेलं नाही. करून घेते. दोघांचे मनापासून आभार, आज झोप लागेल.

मोरपंखी
मला सातवा आठवडा चालू आहे, पहिलंच. टीएसएच ३.१ आला. माझ्या डॉक्टरांनी पंचवीसची गोळी लिहून दिली, म्हणाल्या गरोदरपणात २.५ च्या आत हवा. नणंद पुण्याला दाखवते, तिच्या डॉक्टरांनी तिला ३.४ असताना काहीच दिलं नव्हतं, ४ पर्यंत चालतो म्हणाले. दोघींपैकी कुणाचं तरी चुकतंय का? बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो असं वाचलं आणि पोटात गोळा आला.

निर्गुडी
मोरपंखी, आधी शांत व्हा. दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्याला आधार आहे.

गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत वारेतून एचसीजी हा हार्मोन भरपूर येतो. त्याची ठेवण टीएसएचसारखी असल्याने तोही थायरॉईडला थोडं चालवतो. मग पिट्युटरीला कमी बोलावं लागतं आणि टीएसएच उतरतो. एचसीजी ८ ते ११ आठवड्यांच्या सुमाराला सगळ्यात वर असतो. म्हणून नेहमीची रेंज गरोदर बाईला जशीच्या तशी लागू होत नाही, ती खाली सरकते. याच काळात टीएसएच ०.१ पर्यंत उतरलेलाही दिसतो, जुळं असेल किंवा उलट्या फार होत असतील तर जास्तच. तो बहुतेक वेळा आपोआप सावरतो.

किती खाली सरकते, वाद त्यावर आहे. २०११ साली अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने पहिल्या तिमाहीत वरची मर्यादा २.५ आणि पुढे ३ सांगितली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांतही हेच आकडे आहेत. तुमच्या डॉक्टर बहुधा त्याला धरून आहेत. मग वेगवेगळ्या देशांतून गरोदर बायकांचे आकडे आले आणि दिसलं की २.५ ही रेघ फार खाली ओढली गेली होती, कितीतरी निरोगी बायका तिच्यावर होत्या. २०१७ साली त्याच संस्थेने सूचना बदलल्या: शक्यतो आपल्या भागातल्या गरोदर बायकांवरून काढलेली रेंज वापरा, ती नसेल तर नेहमीच्या वरच्या मर्यादेतून ०.५ वजा करा, म्हणजे साधारण ४. नणंदेचे डॉक्टर याला धरून आहेत. मधल्या पट्ट्यात, २.५ ते ४, अँटी-टीपीओ असेल तर गोळीचा विचार करावा असंही त्यात आहे. तुमच्या डॉक्टरांना अँटी-टीपीओबद्दल जरूर विचारा. पण पंचवीस मायक्रोग्रॅम हा लहान डोस आहे, बाळाला त्याने अपाय नाही. मनाने बंद मात्र करू नका.

आणि हे ज्या आधीपासून गोळी घेतात त्यांच्यासाठी, कारण इथे उशीर होतो. पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. थायरॉक्सिनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच पाव ते एक तृतीयांशाने वाढते. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या हा नेहमीचा हिशोब, पण तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. सोनोग्राफीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

काचनळी
यात लॅबच्या बाजूने एक. फॉर्मवर 'गरोदर, सातवा आठवडा' असं लिहायला सांगा किंवा स्वतः लिहा. बहुतेक रिपोर्टवर नेहमीचीच रेंज छापून येते आणि गरोदरपणाचे आकडे खाली बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच. आणि लोह, कॅल्शियमच्या गोळ्या याच काळात सुरू होतात. त्या थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही, चार तासांचं अंतर ठेवा.

मोरपंखी
कॅल्शियम मी सकाळच्या गोळीसोबतच घेत होते! आजपासून रात्री. खूप खूप आभार.

शेवंती
मी लीड्सला असते. इथल्या रिपोर्टचा फोटो आईला सांगलीला पाठवला आणि तासाभरात रडत फोन. फ्री टी-फोर १४.२ आणि तिच्या रिपोर्टवरची रेंज १.७ पर्यंत! तिला वाटलं, आठपट वाढलाय. इथे पिकोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, तिथे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १२.८७ ने भागलं की तिचा आकडा येतो: १.१. इथली रेंज १२ ते २२ होती, म्हणजे अगदी मजेत. टीएसएचचं एकक दोन्हीकडे वेगळं लिहितात, पण आकडा तोच राहतो. परदेशातल्या मुलींनो, घरी फोटो पाठवताना हे सोबत लिहा. आई रात्रभर जागी होती.

बकुळ
माझी गोष्ट लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. मागच्या वर्षी टीएसएच ०.१९ आणि फ्री टी-फोर २.१ आला, रेंज १.७ पर्यंत. हायपर, म्हणजे थायरॉईड जास्त चालतोय, म्हणून गोळी सुरू करायचं ठरत होतं. माझी छाती धडधडत नव्हती, वजन कमी नव्हतं, काही नव्हतं. नशिबाने डॉक्टरांनी विचारलं, 'केसांसाठी काही घेता का?' मी दहा मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी घेत होते. आठवडाभर बंद करून पुन्हा तपासलं, टीएसएच १.८.

काचनळी
बकुळ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कित्येक यंत्रांच्या रसायनात पकडीसाठी बायोटिनचाच वापर असतो. रक्तात बायोटिन जादा झालं की ती पकड बिघडते: टीएसएच खोटा कमी, फ्री टी-फोर खोटा जास्त. हुबेहूब हायपरथायरॉईडचं चित्र. शरीराला रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं, तुमच्या गोळीत त्याच्या तीनशेपटीहून जास्त होतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर जास्त, आणि काउंटरवर सांगा. आम्ही विचारायला हवं, पण सकाळच्या गर्दीत विचारलं जात नाही, हेही खरं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

सोनचाफा
आई ७९ वर्षांची. टीएसएच ६.४, फ्री टी-फोर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले राहू दे. मला ते दुर्लक्ष वाटलं. दुसरीकडे नेऊ का?

निर्गुडी
नाही, विचार करूनच थांबले असावेत. वयाबरोबर टीएसएच वर सरकतो. अमेरिकेच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत ८० च्या पुढच्या, थायरॉईडचा आजार नसलेल्या लोकांची वरची मर्यादा ७.५ च्या आसपास निघाली. आणि २०१७ साली युरोपातली मोठी चाचणी आली, ६५ च्या वरच्या लोकांवर. अशा किंचित वाढलेल्या टीएसएचला गोळी दिल्याने थकव्यात फरक पडला नाही. डोस जास्त झाला तर मात्र म्हातारपणी हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. काही महिन्यांनी पुन्हा तपासा, एवढंच.

जाईजुई
बाळंत होऊन चौथ्या महिन्यात माझा टीएसएच ०.०५ होता, आठव्या महिन्यात १२. लॅब बदलली म्हणून असं झालं का?

निर्गुडी
एवढा फरक लॅबचा नसतो. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईडला सूज येऊ शकते. आधी साठलेला हार्मोन गळतो, मग ग्रंथी मंदावते, आणि वर्षभरात बहुतेकींची पूर्ववत होते. साधारण वीसात एकीला होतं. चिडचिड, रडू येणं हे 'बाळामुळे' म्हणून सोडून देतात. डॉक्टरांकडे दोन्ही रिपोर्ट घेऊन जा. आणि बरं वाटलं तरी पुढे वर्षातून एकदा तपासत राहा.

घाटमाथा
बाळंतपणाचा विषय निघाला म्हणून लिहितोय. मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. आमची थोरली ताई कोल्हापूरकडच्या खेड्यात असते. नऊ वर्षांपूर्वी बाळंतपणात अंगावरून फार गेलं, चार बाटल्या रक्त चढवलं होतं. भाची वाचली, ताई वाचली. पण तेव्हापासून तिचं काही खरं नाही. भर मे महिन्यात गोधडी घेते. दळणाचा डबा उचलत नाही. तीन वेळा थायरॉईड केला: २.९, ३.४, २.६. दर वेळी 'नॉर्मल आहे, मनाचं आहे'. भाऊजी चांगले आहेत, पण आता घरात सगळेच तिला आळशी म्हणतात. ती स्वतःसुद्धा म्हणते.

निर्गुडी
तुम्ही लिहिलंत ते योग्यच केलंत. दोन गोष्टी ताईंना विचारून आजच सांगा. बाळंत झाल्यावर दूध आलं होतं का? पाळी परत सुरू झाली का? आणि त्या तीन रिपोर्टमध्ये फ्री टी-फोर आहे का?

घाटमाथा
आईला विचारलं. दूध आलंच नाही, भाचीला पावडरचं दूध पाजलं. पाळी त्यानंतर एकदाही नाही. सगळ्यांना वाटलं अशक्तपणाने गेली. रिपोर्टमध्ये फक्त टीएसएच.

निर्गुडी
मग ताईंच्या टीएसएचवर विसंबू नका. टीएसएच पिट्युटरी पाठवते असं वर लिहिलं होतं. गरोदरपणात ती ग्रंथी मोठी झालेली असते आणि तिला रक्त जेमतेम पुरतं. बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन रक्तदाब पडला तर तिचा भाग मरू शकतो. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. निरोप पाठवणारीच निकामी, मग टीएसएच वाढणार कसा? तो रेंजमध्ये दिसतो आणि थायरॉक्सिन मात्र तळाला गेलेलं असतं.

फ्री टी-फोर, सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि सोडियम लवकरात लवकर करा आणि एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवा. कुणीही आधी नुसती थायरॉईडची गोळी सुरू करू देऊ नका. कॉर्टिसॉल हा शरीराचा स्वतःचा स्टिरॉईड हार्मोन, त्यालाही पिट्युटरीचाच निरोप लागतो. तोही कमी असेल तर तोच आधी भरून काढावा लागतो, नाहीतर जिवावर बेततं. उलट्या, ग्लानी, चक्कर आली तर थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

काचनळी
घाटमाथा दादा, सकाळी आठ म्हणजे आठच. कॉर्टिसॉल दुपारी घेतलं तर आकडा फसवा येतो. गावातून निघायला उशीर होणार असेल तर आदल्या रात्री शहरात मुक्कामाला आणा.

रानजाई
दहा आठवड्यांनी सांगायला आले. त्याच लॅबमध्ये, सकाळी साडेसातलाच रक्त दिलं. टीएसएच ३.९२, अँटी-टीपीओ नाही. फेरिटिन मात्र ७, फारच कमी. लोहाची गोळी चालू केली, दम लागणं कमी झालंय, केसांना वेळ लागेल म्हणाले. घरात फ्लॉवर परत आला. घाटमाथा, ताईंचं काय झालं? रोज आठवण येते.

घाटमाथा
उशिरा लिहितोय, धावपळ होती. फ्री टी-फोर ०.४१ आला, रेंज ०.९३ पासून सुरू होते. टीएसएच तेव्हाही ३.१. कॉर्टिसॉल २ च्या आसपास, सोडियम १२६. एमआरआयमध्ये पिट्युटरीची जागा जवळजवळ रिकामी दिसली. दाखल करून आधी स्टिरॉईड दिलं, काही दिवसांनी पंचवीसची थायरॉईडची गोळी, आता पंचाहत्तर चालू आहे. डॉक्टर म्हणाले, यापुढे डोस फ्री टी-फोर बघून ठरवायचा, टीएसएच बघून नाही. गेल्या आठवड्यात ताई स्वतः गिरणीत दळण घेऊन गेली. भाऊजींनी मला फोन केला आणि त्यांना बोलता येईना.

निर्गुडी
फार बरं वाटलं. स्टिरॉईडची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका. ताप, जुलाब, उलट्या किंवा ऑपरेशन असेल तेव्हा डोस वाढवावा लागतो, तो किती ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आजाराचं नाव आणि गोळीचं नाव असलेलं कार्ड ताईंच्या जवळ कायम असू द्या.

घाटमाथा
कार्ड केलंय, मराठीत आणि इंग्रजीत. एक ताईच्या पर्समध्ये आहे, एक भाचीच्या दप्तरात.